आयाकोचे अक्षर

मित्रांनो, चित्रकलेच्या तासाला तुम्ही रंगात बुडवता तसला कुंचला मी नव्हे. मी अक्षरे लिहिणारा आहे. जपानात हिरोशिमाच्या मागच्या डोंगरात कुमानो नावाचे गाव आहे. तिथे घरोघरी कुंचले बनतात. तिथल्या एका बाईने शेळीचे मऊ केस विंचरले, ताठपणा यावा म्हणून त्यात थोडे घोड्याचे मिसळले, उलटा पडलेला एकेक केस पात्याने वेचून टाकला आणि सगळे दोऱ्याने आवळून बांबूच्या दांड्यात बसवले. आज माझे केस विरळ झाले आहेत आणि दांडा एका जागी तडकला आहे. तरीही माझी हकीकत सांगावीशी वाटते, कारण ती नुसती माझी नाही.

समुद्रकाठच्या एका गावात एका फेरीवाल्याकडून प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी मला विकत घेतले. आपल्या मुलीसाठी. फेरीवाल्याने माझ्या दांड्यावर तिचे नाव कोरून दिले: 文子. यातले दुसरे अक्षर सोपे. त्याचा अर्थ मूल. त्या काळी कितीतरी मुलींच्या नावाच्या शेवटी ते यायचे, आणि तिथे त्याचा उच्चार 'को' व्हायचा. खरी गंमत पहिल्या अक्षराची होती.

वर एक ठिपका, त्याखाली आडवी रेघ, आणि तिच्याखाली एकमेकींना छेदत जाणाऱ्या दोन तिरक्या रेघा. मुलीचा हात हातात धरून गुरुजींनी माझ्याकडून ते पहिल्यांदा काढून घेतले. मग ते म्हणाले, की फार पूर्वी चीनमध्ये हे अक्षर म्हणजे माणसाचे चित्र होते. हात पसरून उभा असलेला माणूस, आणि त्याच्या छातीवर गोंदलेली खूण. जाणकार तसे मानतात. पुढे छातीवरची खूण गेली, रेघा उरल्या. अर्थही सरकत गेला. आधी गोंदण, मग नक्षी, मग लिहिलेली खूण, आणि शेवटी लिहिलेले सगळेच.

"आणि वाचायचं कसं?" मुलीने विचारले.

ते शेजारी कोण बसले आहे त्यावर ठरते, असे गुरुजी म्हणाले. एका अक्षराशेजारी ते 'बुन' होते, दुसऱ्याशेजारी 'मोन'. एकटे असले तर 'फुमि', म्हणजे पत्र. विणलेल्या नक्षीला जपानी भाषेत 'आया' म्हणतात, तेही याच अक्षराने लिहितात. मुलीची आई हातमागावर कापड विणायची. म्हणून बापाने लेकीचे नाव आयाको ठेवले होते. हे नाव वाचणारे दहापैकी नऊजण तिला फुमिको म्हणत, आणि ती दर वेळी न चिडता सांगे, फुमिको नाही, आयाको. माणसाच्या नावात हे अक्षर आले, की ज्याचे नाव त्यालाच विचारावे लागते. दुसरा उपाय नाही.

दुसरे महायुद्ध संपले. हरलेल्या जपानात न्यूझीलंडची पलटण आली. तिच्या छावणीच्या धोबीखान्यात आयाको काम करू लागली, आणि तिथेच तिला टेड कॉर्बेट भेटला. उंच, बुजरा, ऑकलंडजवळच्या हेन्डरसनच्या फळबागेतला मुलगा. त्यांच्या लग्नाला सरकारची परवानगी मिळेपर्यंत वर्षे गेली. ती मिळाल्यावर आयाको बोटीने ऑकलंडला आली. सामानात मी होतो.

ती उतरली तेव्हा जून महिना होता, तिथला ऐन हिवाळा. टेडच्या आईला तिचे नाव काही केल्या म्हणता येईना. "आपण हिला जून म्हणू," ती म्हणाली. त्यात दुष्टपणा नव्हता. ती बाई आयाकोशी चांगलीच वागली. पण शेजारच्या दोन घरांतली मुले जपान्यांशी लढताना मारली गेली होती. तिथे जपानी बोललेले कुणाला रुचले नसते. आयाको इंग्रजी शिकली, जॅम करायला शिकली, जून झाली.

माझे मात्र वाईट झाले. सासूने एकदा मला ड्रॉवरमधून काढले आणि स्कोन्स नावाच्या छोट्या गोल पावांवर दूध फासायला घेतले. आयाकोने मला धुतले, टोक जुळवून वाळवले, आणि उशांच्या अभ्र्यांच्या कपाटात पार मागे ठेवून दिले. तिथे मी वर्षानुवर्षे पडून होतो. आधी सासू गेली. मग टेडही गेला. त्यांना मूलबाळ नव्हते. टेड गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आयाकोने मला बाहेर काढले. शाई नव्हती. तिने मला साध्या पाण्यात बुडवले आणि मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या वाटेवर लिहायला लागली. उन्हात अक्षर क्षणात वाळायचे. मग ती पुढचे काढायची. शेजारच्या नोलाला वाटायचे, ही वाट धुतेय.

अशी काही वर्षे गेली. मग शहाण्णव सालच्या हिवाळ्यात एका सकाळी नोलाला ती स्वयंपाकघरात पडलेली सापडली. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवा हात गेला, आणि बोलणेही गेले. नोलाने इस्पितळात देण्यासाठी पिशवी भरली तेव्हा गाऊन, कंगवा, चष्मा यांच्याबरोबर मलाही आत टाकले. ती म्हणाली, हे तिचे आवडते आहे, कशासाठी ते मला माहीत नाही.

त्या वॉर्डात आशालता पेंढारकर नर्स होती. मिरजेला शिकलेली. नवरा हरीश ऑकलंडच्या ओटाहुहू भागातल्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, आणि मुलगी सानिका विद्यापीठात. वॉर्डात तिला सगळे 'ॲश' म्हणत. आल्या आल्या कुणीतरी तसे म्हटले आणि तेच रूढ झाले. इंग्रजीत त्याचा अर्थ राख, हे तिला माहीत होते. पण त्यावरून काय भांडायचे, म्हणून तिने सोडून दिले होते.

डॉक्टर मॅक्लीन तरुण होते आणि मनापासून काम करत. ते रोज वाकून सांगत, "जून, डोळे मिटा. जून, जीभ दाखवा." आयाको त्यांच्याकडे पाहायचीही नाही. खिडकीकडे तोंड करून पडून असायची. डॉक्टरांनी आशालताला अडचण सांगितली. पुन्हा चालायला, बोलायला शिकवणाऱ्या विभागात खाटा थोड्या होत्या. सांगितलेले समजते अशाच पेशंटला तिथे घेत. गुरुवारच्या बैठकीपर्यंत काही खूण दिसली नाही, तर हिला दूरच्या वृद्धाश्रमात पाठवावे लागेल, आणि तिथून सहसा कुणी घरी येत नाही. "मला जे दिसतं तेच मी लिहू शकतो," ते म्हणाले. तेही खरेच होते.

आशालताच्या लक्षात मात्र एक गोष्ट आली. आयाकोचे डावे बोट चादरीवर सारखे फिरत असे. फार आजारी माणसे चादर चिमटतात, ते तिने मिरजेपासून पाहिले होते. पण हे चिमटणे नव्हते. बोट खाली टेकायचे, सरकायचे, उचलले जायचे, पुन्हा टेकायचे. आणि दर वेळी अगदी तसेच.

दुपारी कंगवा काढायला तिने पिशवीत हात घातला, तेव्हा मी तिच्या हाती लागलो. तिने माझ्या दांड्यावरची अक्षरे पाहिली. एका बशीत पाणी घेतले आणि जेवणाचे राखाडी टेबल पलंगावर ओढून मला आयाकोच्या डाव्या हातात दिले.

मित्रांनो, डावा हात माझ्या ओळखीचा नव्हता. तरी ठिपका पडला. मग आडवी रेघ, मग दोन तिरक्या. आयाकोने मान वर केली आणि आशालताकडे पाहिले. लिहिलेले वाळत चालले होते. आशालताने घाईघाईने ते आणि माझ्या दांड्यावरचे दुसरे अक्षर जेवणाच्या कार्डाच्या पाठीवर उतरवून घेतले.

सानिका विद्यापीठात जपानी शिकत होती, आणि क्वीन स्ट्रीटवर जपानी प्रवाशांसाठी लोकरी कपडे विकणाऱ्या एका दुकानात काम करत होती. घरी आईने मराठीत विचारावे आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावे, अशीच त्यांची रीत पडली होती. त्या संध्याकाळी आईने कार्ड पुढे ठेवले, तेव्हा तिने हातातला चमचा खाली ठेवला.

"आई, धिस इज कांजी," ती म्हणाली.

"कांजी म्हणजे पेज ना?" हरीश म्हणाला.

सानिकाने बापाकडे दुर्लक्ष केले. कांजी म्हणजे जपानीत आलेली चिनी अक्षरे; पहिले अक्षर म्हणजे लिखाण, दुसरे म्हणजे मूल, आणि दोन्ही मिळून बाईचे नाव, असे तिने समजावून सांगितले. फुमिको. आशालता थक्क झाली. त्या बाई इतके दिवस चादरीवर स्वतःचे नाव लिहीत होत्या, आणि सगळे त्यांना दुसऱ्याच नावाने हाका मारत होते.

दुसऱ्या दिवशी सानिका वॉर्डात आली. तिने खुर्ची जवळ ओढली, जपानी रीतीने मान लववून नमस्कार केला आणि म्हणाली, "फुमिको-सान."

आयाकोचा चेहरा क्षणभर उजळला, आणि मग पडला. तिने डोके हलवले. तोंड उघडले, पण आवाज आला तो नुसता घशातला. तिने मला पुन्हा हातात घेतले आणि तेच अक्षर काढले. सानिकाने पुन्हा म्हटले, फुमिको-सान. आयाकोने मला खाली टाकले आणि तोंड खिडकीकडे फिरवले.

मी चादरीवर पडलो होतो. माझ्या अंगावर कोरलेले नाव कसे म्हणायचे ते त्या खोलीत फक्त दोघांना ठाऊक होते, आणि दोघांनाही बोलता येत नव्हते.

सानिका लिफ्टपाशी रडवेली झाली. आपल्याला कळले असे वाटले होते, पण त्या बाईंना बहुधा काहीच समजत नाही, डॉक्टरांचेच बरोबर असेल, असे ती म्हणाली. आशालताला ते पटले नाही. "ज्याला काही समजत नाही, तो माणूस रुसत नाही," ती म्हणाली. "तुझं काहीतरी चुकलंय. कुणालातरी विचार."

बुधवारी सानिकाने दुकानाच्या मालकीणबाईंना, मिसेस ओकाबेंना, ती दोन अक्षरे दाखवली. फुमिको असेल, त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून म्हणाल्या, आयाकोही असू शकेल. सानिकाने विचारले, ओळखायचे कसे? मिसेस ओकाबेंना तो प्रश्नच नवा वाटला. ओळखता येत नाहीच, त्या म्हणाल्या. आम्ही एकमेकांना विचारतो. मोठमोठी माणसेही विचारतात, त्यात कमीपणा नसतो. त्या अक्षराचे जुने गोंदणाचे चित्रही त्यांनी बिलाच्या कागदावर काढून दाखवले.

गुरुवारी सकाळी सानिकाला परीक्षा होती. तिने वॉर्डात फोन केला आणि आईला नाव सांगितले. आशालताला ते लक्षात ठेवायला कष्ट पडले नाहीत. मिरजेच्या इस्पितळात पेशंटचे सगळे करणाऱ्या बायकांना आया म्हणत, आणि मराठीत 'आई'चे अनेकवचनही आयाच होते. एकच शब्द, दोन अर्थ. मग सानिकाने तिच्याकडून 'डोळे मिटा' हे जपानीत घोकून घेतले. "हळू म्हण," ती म्हणाली, आणि हे ती मराठीत म्हणाली.

डॉक्टर आले. बरोबर व्यायाम शिकवणाऱ्या बाई आणि समाजसेविका होत्या. डॉक्टर वाकले. "जून, डोळे मिटा." आयाको खिडकीकडे पाहत राहिली. त्यांनी लिहायला पेन काढले.

"डॉक्टर, मी एकदा विचारू का?" आशालता म्हणाली. ते बाजूला झाले. ती पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूला गेली, आयाकोला दिसेल अशी खाली बसली.

"आयाको-सान," ती म्हणाली.

आयाकोची मान वळली. तिने आशालताच्या चेहऱ्याकडे असे पाहिले, की समाजसेविकेने हातातली फाइल छातीशी धरली. टेडच्या आईने ते नाव काढून घेतल्याला चाळीस वर्षे झाली होती. घरात दोघेच असताना टेड कधीकधी त्या नावाने हाक मारायचा. तो गेल्यापासून ते कुणीच उच्चारले नव्हते.

"मे ओ तोजिते कुदासाई," आशालता सावकाश म्हणाली.

आयाकोने डोळे मिटले.

डॉक्टर वाट पाहत होते. आयाको डोळे मिटून पडली होती, आज्ञाधारक मुलीसारखी, आणि डोळे काही उघडेना. तेव्हा आशालताच्या ध्यानात आले, की 'डोळे उघडा' कसे म्हणायचे ते तिने विचारलेच नव्हते. तिने आयाकोचा हात हातात घेतला.

"उघडा आता, आजी," ती मराठीत म्हणाली.

आयाकोने डोळे उघडले. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात ती हसत होती. डॉक्टर मॅक्लीनही हसले, आणि त्यांनी लिहायला घेतलेली ओळ खोडली. जाता जाता त्यांनी आशालताला ते नाव पुन्हा म्हणायला सांगितले, आणि स्वतः म्हणून पाहिले.

तिला खाट मिळाली. पुढे कळले, की तिचे इंग्रजी जवळजवळ सगळे पुसले गेले होते, आणि जपानीतली उच्चार दाखवणारी साधी अक्षरेही. पण एकेका अक्षरात अख्खा अर्थ बसतो ती कांजी मात्र मेंदूच्या कुठल्यातरी सुरक्षित कोपऱ्यात शाबूत राहिली होती. सानिकाने जाड कागदाची कार्डे केली: पाणी, दुखणे, थंडी, परत जाणे. आयाको बोटाने दाखवायची. सगळ्यांत जास्त ती शेवटचे कार्ड दाखवायची.

तिची चाकाची खुर्ची ढकलायला हेमी नावाचा माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, मदतनीस येई. "किया ओरा, आयाको," असा तो त्याच्या भाषेत नमस्कार करायचा. त्याच्या दंडापासून मनगटापर्यंत गोंदण होते. एकदा आयाकोने त्याचा हात ओढून घेतला, गोंदणावर बोट ठेवले, आणि शेजारीच त्याच्या तळहातावर तेच चार रेघांचे अक्षर काढले. सानिकाने त्याला अक्षराची गोष्ट सांगितली. हेमीने हात उजेडात धरला. यात माझ्या आजोबांचे गाव आहे, तो म्हणाला, आणि त्यांची नदी. वाचता येणाऱ्याला वाचता येते. मग तो म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास, आणि खुर्ची पुढे नेली.

वसंत ऋतू येईपर्यंत आयाको काठी घेऊन चालू लागली. थोडे जपानी शब्द परत आले. एके दिवशी तिने आशालताच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बोट दाखवले आणि भुवया उंचावल्या. आशालता सवयीने म्हणाली, "ॲश." आयाकोने मान हलवली. तिला तेवढ्यावर समाधान नव्हते. मग आशालताने पूर्ण नाव सांगितले. सानिकाने अर्थ सांगितला, आशा म्हणजे काय आणि लता म्हणजे काय. आयाकोने मला पाण्यात बुडवले आणि टेबलावर दोन अक्षरे काढली, एक आशेचे आणि एक वेलीचे. आशालता ती वाळून जाईपर्यंत बघत बसली. त्या आठवड्यात तिने नवा बिल्ला मागवला, आणि लोकांची जीभ अडखळली तरी तिने ती अडखळू दिली.

आयाको घरी गेली. नोला होती, दिवसातून एकदा मदतनीस यायची, आणि शनिवारी सानिका. ती यायची, अंगणातल्या वाटेवर मला घेऊन लिहायची, आणि आयाको काठीने चूक दाखवायची. अशी दोन वर्षे मिळाली. मग एका शरद ऋतूत आयाको झोपेतच गेली.

टेडला वायकुमेटेच्या दफनभूमीत पुरले होते. त्याच्या दगडावर त्याच्या नावाखाली 'आणि त्याची पत्नी जून' असे आधीच कोरलेले होते. खाली फक्त साल घालायचे राहिले होते. नोलाचे म्हणणे होते, असू द्या, टेडनेच तसे करून घेतले होते. आशालतालाही ते पुसणे बरे वाटेना. चाळीस वर्षे ती जून होतीच. तिने जॅम केला, सासूला शेवटपर्यंत सांभाळले, टेडवर प्रेम केले, ते जून म्हणूनच. पण तेवढेच ठेवणेही तिला बरे वाटेना.

दगड कोरणाऱ्याने सांगितले, त्याला ही अक्षरे येत नाहीत, कागदावर काढून द्या. सानिकाने खरी शाई आणली. कागदावर आणि सिमेंटवर मी पुष्कळ लिहिले होते, पण दगडासाठी मी कधी लिहिले नव्हते. सानिकाचा पहिला कागद बिघडला, दुसरा जरा कमी. तिसरा कागद आशालताने बघितला आणि म्हणाली, "हा दे."

आता दगडावर जून आहे. तिच्याखाली 文子 आहे. आणि वाचणाऱ्याने अंदाज करू नये, म्हणून त्याखाली इंग्रजी अक्षरांत कोरले आहे: आयाको.

मित्रांनो, मी सध्या सानिकाच्या टेबलावर असतो. मराठीही मी त्याच घरात शिकलो. तुमच्या हाती माझ्यासारखा एखादा जुना कुंचला आला, तर त्याला स्कोन्सवर फिरवू नका. कोमट पाण्यात धुवा, टोक बोटांनी जुळवा आणि खाली केस येतील असा टांगून वाळवा. एवढे केले तर आम्ही पुष्कळ वर्षे टिकतो. आणि तुमच्या वर्गात लांबून कुणी नवीन आले, तर त्याचे नाव सोपे करून घेऊ नका. ते कसे म्हणायचे, हे त्यालाच विचारा. पहिल्या वेळी चुकेल. पुन्हा विचारा.